पायविहिरीच्या पायऱ्या कशाने बंद झाल्या

वऱ्हाडातून परत येऊन तीन आठवडे झाले. भेटेल तो विचारतो, "काय, कसा झाला दौरा? ऊन फार असेल, नाही?" ऊन होते. मे महिन्यात अकोल्याला ऊन असायचेच. पण मी ज्या तिरमिरीत परत आलो आहे ती उन्हाने आलेली नाही, आणि रस्त्यात उभ्या उभ्या सांगण्यासारखीही नाही. म्हणून लिहून काढतो. या रागातला निम्मा माझा माझ्यावरच आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचताना कोणी माझी बाजू घ्यायला जाऊ नये.

अकोला

अकोल्याला प्राथमिक शिक्षकांचे उन्हाळी शिबिर होते. मी पुण्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो, आणि 'दैनंदिन जीवनातील विज्ञान' या विषयावर पाच व्याख्याने द्यायला मला बोलावले होते. उतरण्याची सोय एका शाळेत. खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या, त्यांच्यावर सतत पाणी मारायचे, आणि तरी दुपारी बाराला भिंतीला हात लावला तर चटका बसायचा. जेवायला ज्वारीची भाकरी, पातोड्यांची झणझणीत भाजी आणि वर ठेचा. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आले, तेव्हा पंगतीत सगळे मोकळेपणाने हसले. पुण्यात पाहुण्याची अशी फजिती झाली तर लोक ताटात बघतात आणि घरी गेल्यावर हसतात. इथे तसले काही नाही. "घ्या ना जी, कावून लाजून राहिले?" म्हणत वाढणारा पुढची भाकरी ताटात टाकूनच जातो. मला ही माणसे पहिल्याच दिवशी आवडली, आणि पुढचा संताप त्यामुळेच जास्त झाला.

तिसऱ्या दिवशीचे माझे व्याख्यान चांगले रंगले. खेड्यातल्या माणसाला वैज्ञानिक दृष्टी कशी नसते, तो कार्यकारणभाव कसा शोधत नाही, पुराव्याकडे कसा बघत नाही, यावर मी तासभर तोंडसुख घेतले. टाळ्या पडल्या. मग मागच्या बाकावरून एक बाई उठून सरळ टेबलाशी आल्या आणि औषधाची एक बाटली माझ्यापुढे ठेवली. पांढरे लुगडे, पायात धुळीने भरलेल्या चपला, वय असेल पंचविशीचे.

"सर, हे पानी आमच्या गावचं हाय. यात काय हाय ते सांगा."

मी चहाला निघालो होतो, मला घाई होती. "बाई, पाणी तपासायला प्रयोगशाळा लागते," मी म्हणालो.

"डोये लागतात," त्या म्हणाल्या. "उजेडात धरून तर पाहा."

धरली. पाण्यात पांढुरके ठिपके होते आणि ते टुणटुण उड्या मारत होते. पाण्यातल्या पिसवाच त्या. आम्ही त्यांना सायक्लॉप्स म्हणतो. बाईंनी मग पिशवीतून एक जुने कॅलेंडर काढून त्याची मागची बाजू उलगडली. त्यावर त्यांच्या गावाचा नकाशा होता. गल्ल्या, घरे, मारुतीचे देऊळ, चावडी, सगळे पेन्सिलने काढलेले, आणि ज्या घरात नारू झालेला माणूस आहे त्या घरावर तांबड्या शाईचा ठिपका. गावभर ठिपकेच ठिपके होते. पूर्वेच्या टोकाला एक वस्ती मात्र कोरी.

"हे आमची वस्ती," बाई म्हणाल्या. "आमी बौद्ध. आमाले गावच्या पायविहिरीवर येऊ देत नाईत, हे पानी शायेतल्या पोराकडून भरून घेतलं. आमची विहीर येगळी हाय, तिले पायऱ्या नाईत. आमच्यात एकालेबी नारू नाई. दोन उन्हाळे झाले, घरोघर फिरून मांडून राहिली मी हे."

नारू ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. हातभर लांब, दोऱ्यासारखा जंत. तो माणसाच्या पायातून फोड फोडून बाहेर येतो आणि त्याला काडीवर गुंडाळत रोज थोडा थोडा ओढावा लागतो. त्याला महिना लागतो. तुटला तर पाय सुजतो, माणूस अंथरुणाला खिळतो. फोडाची आग होते म्हणून रोगी थंड पाण्यात पाय बुडवतो. तिथे जंताची पिल्ले पाण्यात सुटतात, ती या पिसवा खातात, आणि पिसवांचे पाणी जो पितो त्याच्या पायातून वर्षभराने नारू निघतो. एवढेच चक्र. पाण्यात पाय बुडवू दिला नाही तर संपले, किंवा धोतराच्या दुहेरी फडक्याने पाणी गाळून प्यायले तरी संपले. पायऱ्यांनी पाण्यापर्यंत उतरता येणारी विहीर, जिला इकडे पायविहीर म्हणतात, ती बंद केली की रोग गावातून जातो.

या बाईंचे आडनाव तायडे. सातवी शिकलेल्या, ट्रेनिंग झालेल्या, त्याच गावच्या शाळेतल्या मास्तरीण. मी तासभर ज्या दृष्टीवर बोललो ती त्यांच्या पिशवीत घडी घालून ठेवलेली होती. मला शरम वाटली. पण माझी शरम जरा बोलकी असते. मी त्यांना लगेच वचन देऊन टाकले की शिबिर संपले की सूक्ष्मदर्शक घेऊन मी गावात येतो आणि लोकांना पटवतो.

"या," त्या म्हणाल्या. "माह्यं कोनी आयकत नाई. तुमचं आयकतीन. पुन्याचे आहात तुमी, अन् वरून बामन."

अमरावती, आणि पुढे

बडनेऱ्याला गाडी बदलून अमरावतीला गेलो आणि ओळखीच्या प्राध्यापकाकडून सूक्ष्मदर्शक मागून घेतला. पेटी मांडीवर धरून एस.टी.त बसलो. दोन्ही बाजूंना भेगाळलेली काळी जमीन, कडेला रचलेले कपाशीच्या पऱ्हाट्यांचे ढीग, लांबवर एखादा निंब. नांदगाव खंडेश्वरच्या अलीकडे एक खड्डा असा आला की पेटी, मी आणि शेजारच्या आजी तिघेही हवेत गेलो. उतरल्यावर पाहतो तो सूक्ष्मदर्शकाचा आरसा फुटलेला. आरशावाचून खालून उजेड पडत नाही आणि उजेडावाचून काही दिसत नाही. मी तिथेच स्टँडवर डोके धरून बसलो. घ्यायला आलेल्या तायडेबाईंनी तुकडे पाहिले आणि म्हणाल्या, "बाबाचा दाढीचा आरसा हाय घरी. लावून पाहू." बैलबंडीतून तीन मैल गेलो आणि तो आरसा मेणाने चिकटवला. उत्तम चालला.

बाईंचे वडील शामराव मला घ्यायला वेशीपर्यंत आले होते. साठीचे, काटक, अबोल. त्यांच्या ओट्यावर चहा घेतला. मी तिथे चहा घेतला म्हणून पलीकडच्या सवर्णांच्या चार घरांतून लोक डोकावून गेले. मला त्यांचा राग आला, मग आठवले, की पुण्यात आमच्या घरी मोलकरणीचा कप अजून मोरीच्या कोनाड्यात वेगळा असतो. नळाला फडके आम्हीही बांधतो, पण ते सोवळ्यासाठी. सूक्ष्मदर्शकातून हजार वेळा पाणी पाहणाऱ्या मला तो कप आजवर दिसला नव्हता.

त्या दुपारी पायविहीर पाहिली. दगडी, रुंद, सुबक पायऱ्या. मधल्या कोनाड्यात आसरांचे, म्हणजे पाण्यातल्या देवींचे, शेंदूर लावलेले दगड, नारळाची भकले. तळाच्या पायरीवर काशीबाई नावाची एक म्हातारी पाय पाण्यात सोडून बसली होती. घोट्यातून पांढरा दोरा निघालेला, पऱ्हाटीच्या काडीला गुंडाळलेला. तिच्या पलीकडे हातभरावर एक बाई घागर भरत होती.

मी ओरडलो. खरेच ओरडलो. "आजी, पाय काढा! अख्ख्या गावाला रोग देताय तुम्ही!"

म्हातारी दचकली, पाय काढायला गेली आणि काडी पायरीला अडकून नारू ताणला गेला. ती कळवळली. तायडेबाई वरच्या काठावर उभ्या होत्या, त्यांना खाली उतरता येत नव्हते. तिथूनच त्या मला बोलल्या, "सर, तिच्यावर कावून ओरडता? आग होते तिले. तिले कोनी सांगतलं हाय का कधी?"

काशीबाई डोळे पुसत म्हणाली, "थंड लागते जी. रातभर झोप नाई." मी माफी मागितली. तिला ती काय करायची होती!

सरपंचांकडे जेवण होते. अघळपघळ, हसरा माणूस. आमरस, कुरड्या, आग्रह. मी पाणी गाळून द्यायला सांगितले तेव्हा वाढणाऱ्या बाया सरपंचांकडे बघू लागल्या. मग सरपंच हसले आणि फडके मागवले. त्यांच्याकडूनच कळले की आरोग्य खात्याचा माणूस दर उन्हाळ्यात विहिरीत टाकायला लाल दवा आणतो. ती कोणत्या विहिरीत टाकता, मी विचारले.

"तिकडच्या. बौद्धवाड्यातल्या," सरपंच म्हणाले. "घान तिकडं हाय ना जी. आमच्या विहिरीत आसरा हायेत, तिथं लाल पानी कसं चालन?"

म्हणजे ज्या विहिरीत रोग नाही तिच्यात औषध, जिच्यात रोग आहे तिच्यात शेंदूर. बिचारी पूर्वेकडची वस्ती दर उन्हाळ्यात आठवडाभर गुलाबी पाणी पीत होती. मी भाकरी खाली ठेवली. मला वाटले, उद्या यांना दाखवतोच.

निंबाखाली

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेपुढच्या निंबाखाली गाव जमले. निघण्याआधी तायडेबाईंनी मला बजावले होते. "सर, पिसवा दाखवा. गाळून प्यायचं सांगा. पायऱ्या बंद करा म्हना. नकाशा दाखवू नोका."

"का? तोच तर पुरावा आहे," मी म्हणालो.

"तुमच्यासाठी पुरावा. त्याईच्यासाठी तो दुसरंच होईन. मी ह्या गावात जलमली सर, मले मालूम हाय."

मी मान हलवली. पण मी ऐकले नव्हते.

सुरुवात झकास झाली. रांग लागली. एकेक जण नळीला डोळा लावायचा आणि "बाप्पा! हे त चालून राह्यलं!" म्हणून मागे सरायचा. काशीबाईलाही दोघांनी धरून आणले. तिने पाहिले आणि पदर तोंडाला लावला. मी नारूचे चक्र फळ्यावर काढले. लोक ऐकत होते. सरपंच मान डोलवत होते. तिथे थांबलो असतो तर आज हे लिहायला बसलो नसतो.

पण एक जण म्हणाला, "पिसवा त असतीन जी, पन नारू त्यायनंच होते कायवरून?" आणि माझ्यातला प्राध्यापक उठला. योग्य प्रश्न होता, त्याला योग्य उत्तर माझ्याजवळ होते. मी बाईंची पिशवी उचलली, कॅलेंडर काढले, फळ्यावर टांगले. बाईंनी "सर" म्हणून हाक मारली ती मला ऐकू आली. मी म्हणालो, "हे पाहा. ही तुमची घरे. इथे नारू, इथे नारू, इथे नारू. आणि या वस्तीत एकही नाही!"

पुढचे लोक उठून नकाशाजवळ आले. मला वाटले, पटले.

मागून कोणीतरी म्हणाले, "म्हनजे त्याईनंच केलं."

मला काही कळेना. मग चारी बाजूंनी सुरू झाले. छप्पन साली या लोकांनी धर्म बदलला तेव्हा घरातले देव काढून टाकले, ते पायविहिरीत टाकले, तेव्हापासून आसरा कोपल्या. आम्ही म्हणतच होतो. आज पुण्याच्या साहेबांनी कागदावर काढून दाखवले. सगळ्या गावाला नारू आणि ज्यांनी पाप केले तेवढे कोरे, हे करणीवाचून होईल का?

"अहो, ते कोरे आहेत कारण तुम्ही त्यांना विहिरीवर येऊ देत नाही!" मी घसा फोडून सांगत होतो. "तुमच्याच बंदीने ते वाचले!" पण प्रश्न विचारणारा आता माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता. त्याला कारण मिळाले होते. आणि मी अकोल्याला सांगून आलो होतो की हे लोक कारण शोधत नाहीत.

शामराव उठले. त्यांचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकला. "आमी देव नदीत सोडले. माह्या हातानं सोडले. विहिरीत नाई."

"मंग उतरा अन् दाखवा," सरपंच म्हणाले. अजून हसरेच. "विहीर उपसा. देव निंगले त तुमी जाना अन् गाव जाने. नाई निंगले त मिटलं."

याच माणसाने काल मला आमरस वाढला होता. मी काही बोलणार तोच तायडेबाई म्हणाल्या, "चालते. उपसतो. पन उपसेपर्यंत त्या विहिरीचं पानी कोनी पिऊ नोका. आमच्या विहिरीवरून न्या."

उपसा

दोन दिवस उपसा चालला. ज्या पाण्याला त्यांनी जन्मात बोट लावले नव्हते, त्या पाण्यात वस्तीतले बारा पुरुष आता गळ्यापर्यंत उभे होते, गावाच्या हुकमाने. घमेल्यांची साखळी करून ते पाणी बाहेर फेकत होते. सरपंचांच्या मळ्यात पाणी ओढायचे इंजिन होते, ते मागितले तर म्हणाले, उसाला लागते. शामराव तळाशी होते. मी उतरायला लागलो तर त्यांनी हात वर केला. "तुमी नोका येऊ साहेब. देव आमच्यावर घातले हायेत, आमालेच शोधू द्या." ते चिडून बोलले असते तर मला बरे वाटले असते.

मला राग अनावर झाला होता, आणि तो टाकायला जागा नव्हती. शेवटी मीच बाईंना म्हणालो, "तुम्ही सांगितले होते. मी ऐकले नाही."

"नाई आयकलं," त्या म्हणाल्या. "तुमाले वाटलं, खरं दाखवलं की झालं. खरं कोनाच्या हातात देऊन राह्यलो ते बी पाहा लागते ना सर."

बौद्धवाड्यातल्या विहिरीवर बाईंनी दोर, बादल्या, घागरी मांडून ठेवल्या होत्या. गावापासून पन्नास पावले. एक माणूस आला नाही. बैलबंड्यांवर पिंपे घालून कोसभर लांबच्या मळ्यातून पाणी येत होते, अंगाची लाही होत असताना. दुसऱ्या दुपारी एकटी काशीबाई आली, काठी टेकत. ती कठड्यापासून दूर उभी राहिली आणि गडवा पुढे केला. बाईंनी वरून धार धरली. म्हातारी तिथेच उभ्याने प्याली, पुन्हा भरून घेतला, आणि म्हणाली, "कोनाले सांगजो नोको माय." बाई म्हणाल्या, "नाई सांगत. पाय सांभाळून जा."

तिसऱ्या दिवशी सकाळी तळ लागला. गाळ, फुटक्या घागरी, नारळाच्या करवंट्या, एक गंजलेली बादली. देव नव्हता. शामरावांनी वर येऊन चिखलाचे दोन्ही हात गावापुढे धरले. लोक त्या हातांकडे पाहत होते. कोणी चुकलो म्हणाले नाही. कोणी म्हणाले, "देव निंगून गेले असतीन," आणि दहा माना हलल्या.

मग सरपंचांनी नवा मुद्दा काढला. पायऱ्यांवरून ही माणसे उतरली. पायऱ्या बाटल्या. आता त्या पायऱ्यांवरून आपल्या बायांनी कसे उतरायचे? गोमूत्र शिंपडून काय होणार, दगडच बाटले. थोडा खल झाला आणि ठरले: पायऱ्या चिणून टाका. वर कठडा बांधा, गराडी बसवा, पाणी वरूनच ओढा.

मी तायडेबाईंकडे वळलो. दोन वर्षे त्या हेच मागत होत्या.

दुपारपर्यंत गवंडी आला. संध्याकाळच्या एस.टी.आधी पायऱ्यांचे वरचे तोंड दगडांनी चिणले गेले. आता तिथे कोणाला पाय बुडवता येणार नाही. पुढच्या वर्षी नारू कमी होईल, त्याच्या पुढच्या वर्षी गावातून जाईल, हे मी प्राणिशास्त्राचा माणूस म्हणून छातीवर हात ठेवून सांगतो. आणि गाव म्हणेल, बाटलेल्या पायऱ्या बुजवल्या म्हणून गेला. त्यांच्या दृष्टीने तो पुरावाच असेल, दोन वर्षांचा, डोळ्यांदेखत मिळालेला. या विचाराने माझे कपाळ तडकत होते.

निघताना सरपंच पंचायतीचे शेरेबुक आणि दौत-टाक घेऊन आले. आलेल्या पाहुण्याने अभिप्राय लिहायची रीत आहे. "लिहा साहेब. तुमच्या शास्त्राप्रमानंच केलं ना सारं? वर साहेबलोक वाचतात हे."

मी टाक घेतला. मी लिहिणार होतो सगळे. कोणाला विहिरीत उतरवले, का उतरवले, पायऱ्या कशाने बंद झाल्या, दोन वर्षे घरोघर फिरून हे कोणी शोधले, तिचे नाव. पहिले अक्षर काढले तोच बाई जवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "सर, तुमची गाडी हाय पाच वाजता. मले इथंच राहाचं हाय. बाबाले बी. माह्यं नाव नोका लिहू."

"मग काय लिहू?"

"पायऱ्या बंद केल्या, चांगलं झालं. एवढंच लिहा."

मी लिहिले: 'गावातील पायविहिरीच्या पायऱ्या बंद करण्यात आल्या. नारूच्या दृष्टीने हे फार चांगले झाले.' खाली सही केली, हुद्दा लिहिला. सरपंचांनी शाईवर फुंकर घातली, मोठ्याने वाचले आणि खूश होऊन पुस्तक मिटले. त्या दोन वाक्यांत एक शब्द खोटा नाही. मी पुन्हा पुन्हा तपासून पाहिले आहे.